टीव्ही बघताना येणारा बारीक ‘टीं’: कानाने नव्हे, स्विचने शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. ४३ इंची एलईडी टीव्ही, गच्चीवरच्या डिशला जोडलेला सेट टॉप बॉक्स, साउंडबार आणि घरात इन्व्हर्टर. रात्री जेवणे आटोपून टीव्ही लावला की मधूनच बारीक ‘टीं’ असा आवाज येतो, आणि त्याशिवाय मागे कुठेतरी मंद गुणगुण चालू असते. आवाज टीव्हीच्या बाजूने येतो असे वाटते, पण जवळ गेले की सापडत नाही. मुलीला आणखी एक अगदी पातळ शिट्टी ऐकू येते, आजोबांना ती मुळीच येत नाही. मेकॅनिक येऊन गेला, त्याच्यासमोर काहीच वाजले नाही.

इथे एक नव्हे, तीन आवाज आहेत. मधूनच येणारा ‘टीं’ वेगळा, सततची गुणगुण वेगळी आणि मुलीची शिट्टी वेगळी. तिघांचे मूळ एकच धरून चाललात तर घोळ संपणार नाही, कारण एका उपायाने एक आवाज जाईल, बाकीचे दोन राहतील आणि उपायच फसला असे वाटेल. म्हणून कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येक आवाजाची चौकशी स्वतंत्र करा. तिघांपैकी निदान एक तरी टीव्हीच्या पोटातला नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

‘टीव्हीच्या बाजूने येतो’ यावर तर मुळीच विसंबू नका. आवाजाची दिशा आपल्याला मुख्यतः दोन खुणांवरून कळते. दोन्ही कानांपर्यंत पोचताना पडणारा वेळेतला फरक ही एक, आणि डोक्याच्या आडोशामुळे दोन कानांत पडणारा तीव्रतेतला फरक ही दुसरी. पहिली खूण साधारण १,५०० हर्ट्झच्या खाली चांगली चालते, दुसरी त्याच्या बऱ्याच वर. मधल्या २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही लंगड्या पडतात. घरातली बहुतेक उपकरणे ज्या चकतीच्या बझरने बीप करतात, तो नेमका याच पट्ट्यात किंवा त्याला लागून वाजतो. बीप क्षणभराचा असल्याने मान वळवून खात्री करायलाही वेळ मिळत नाही. टाईल्सची जमीन आणि गिलाव्याच्या भिंती त्याला चहूकडे उसळवतात ते वेगळेच. त्यात नजर पडद्यावर असली की मेंदू आवाजही तिथेच नेऊन चिकटवतो. बोलक्या बाहुल्यांच्या खेळात बाहुलीच बोलते असे वाटते ते याच कारणाने. टीव्ही बघतानाच आवाज ‘येतो’ याचेही कारण साधे आहे. दिवसभर मिक्सर, रस्ता, कावळे या सगळ्यांत तो बुडालेला असतो. रात्री घर शांत होते आणि सगळे तास-दोन तास एका जागी बसतात, तेव्हा तो कानावर येतो.

तेव्हा स्विचने शोधा. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका.

आवाज चालू असताना प्रथम टीव्ही म्यूट करा. साउंडबार असल्यास एवढ्याने भागत नाही. म्यूट केल्यावर कार्यक्रमाचा आवाज थांबतो, पण पुष्कळ साउंडबारमध्ये आतला अॅम्प्लिफायर जागाच राहतो आणि त्याची स्वतःची गुणगुण चालू राहते. म्हणून साउंडबारची पिनच सॉकेटातून काढा. त्यानंतरही आवाज राहिला तर टीव्ही रिमोटने बंद करा, मग त्याचीही पिन काढा, मग सेट टॉप बॉक्सचा आणि राउटरचा अडॅप्टर. प्रत्येक पायरीनंतर दोन मिनिटे थांबा. मधूनच येणाऱ्या आवाजासाठी पाच. तरीही राहिला तर इन्व्हर्टर बंद करून मेन स्विच खाली घ्या. मेन बंद, इन्व्हर्टर बंद आणि तरी ‘टीं’ येतो, याचा अर्थ तो बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूचा आहे, शेजाऱ्याकडचा आहे, खिडकीबाहेरचा आहे किंवा कानातला आहे. पाऊण तासात एवढे कळते आणि त्याला हत्यार काही लागत नाही.

जोडीला मोबाईल वापरा. आवाजाचे वर्णपट दाखवणारी ॲप फुकट मिळतात. ‘स्पेक्ट्रम अॅनालायझर’ असे शोधले की सापडतात. फोन टीपॉयवर ठेवा आणि उभी शेंडी कोणत्या आकड्यावर येते ते बघा. ५०, १००, १५०, २०० अशा पायऱ्यांवर शेंड्या आल्या तर तो विजेचा गुणगुणाट. ३,००० ते ४,००० च्या आसपास क्षणभर उठणारी एकच शेंडी म्हणजे बझर. रात्री ४,००० ते ८,००० च्या दरम्यान सतत थरथरणारा पट्टा दिसला आणि खिडकी लावल्यावर तो बसला, तर ते रातकिडे. जून ते सप्टेंबर ते गोव्यात कोणाला सोडत नाहीत. १५,००० च्या वरची बारीक, स्थिर रेघ मात्र नीट टिपून ठेवा, मुलीच्या शिट्टीचा माग तिथे लागेल.

आता ‘टीं’. त्याची वारंवारता नव्हे, दोन बीपमधले अंतर हा खरा पुरावा आहे. फोनवर तासभर ध्वनिमुद्रण लावून ठेवा आणि नंतर लाटांच्या चित्रात शेंड्यांमधले अंतर मोजा. ३० ते ६० सेकंदांच्या ठरावीक अंतराने एकेक बीप येत असेल तर बॅटरी संपत आलेले धूरसूचक किंवा गॅसगळती सूचक यंत्र प्रथम पाहा. नव्या इमारतींत बिल्डरने छताला लावून दिलेले हे यंत्र घरातल्यांच्या लक्षातही नसते. त्यात बहुधा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. ती बदलूनही बीप राहिला तर यंत्राचीच मुदत संपली आहे. धूरसूचकाचे आयुष्य साधारण दहा वर्षे धरतात, गॅससूचकाचे त्याहून कमी, तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. बीप बंद करायचा म्हणून बॅटरी काढून यंत्र तसेच टांगून ठेवू नका.

बरोबर तासाच्या ठोक्याला एक किंवा दोन बारीक बीप येत असतील तर कपाटातले जुने डिजिटल मनगटी घड्याळ शोधा. हे सगळ्यात जास्त चकवणारे प्रकरण आहे, कारण ते कपड्यांच्या घडीत असते आणि आवाज दबून येतो. पाळण्यातून उतरलेला हँडसेट, म्हणजे लँडलाईनचा कॉर्डलेस फोन, चार्जिंग संपत आले की असाच कण्हतो. ब्लूटूथ स्पीकर, पाणी शुद्ध करणारे यंत्र, दार किंचित उघडे राहिलेला फ्रिज, गरम केलेले अन्न आतच विसरलेला मायक्रोवेव्ह, संगणकाचा यूपीएस, मुलांचे बॅटरीचे खेळणे: एवढ्यांची फेरी मारली की बहुतेक वेळा चोर सापडतो. इन्व्हर्टरचा बीप वेगळा ओळखावा लागतो, कारण तो बहुधा वीज गेल्यावर किंवा व्होल्टेज कोसळल्यावर येतो. संध्याकाळी सात ते दहा सगळे एसी आणि गीझर एकदम चालू होतात आणि दाब खाली येतो. इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर ठेवलेला असेल तर त्याची सहनशक्ती कमी असते, तो क्षणभर बॅटरीवर उडी मारतो, बीप करतो आणि परत येतो. दिवे डोळे मिचकावतात न मिचकावतात, आपल्याला ऐकू येतो फक्त बीप आणि पाठोपाठ रिलेची ‘टक्’. मागच्या बाजूचा खटका ‘नॉर्मल’वर टाकून दोन रात्री बघा.

वस्तू सापडत नसेल तर दारे लावून घ्या. प्रत्येक खोलीचे दार बंद करून एकेका खोलीत दहा मिनिटे बसा. दिशा कानाला फसवते, पण दाराआडून येणारा आवाज बारीक होतो, यात फसवणूक होत नाही. खोली ठरली की निम्म्या वस्तू बाहेर काढा, मग उरलेल्या निम्म्यांतल्या निम्म्या.

गुणगुणीकडे वळू. साउंडबारची पिन काढल्यावर ती थांबत असेल, तर ती आवाजाच्या साखळीतली आहे. त्यातही पहिला संशय ग्राउंड लूपचा. टीव्हीची पिन बहुधा दोन काड्यांची असते, त्याला अर्थिंग नसते. डिशची केबल गच्चीवरून येते. तिथे तिचे धातूचे आवरण लोखंडी कठड्याला किंवा खांबाला टेकलेले असते, म्हणजे ते आपोआप जमिनीला जोडलेले असते. साउंडबार किंवा होम थिएटरला तीन काड्यांची पिन असेल तर ते घरच्या अर्थिंगला जोडलेले. या दोन ‘जमिनी’ एका पातळीवर नसल्या की आवाजाच्या वायरच्या आवरणातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. छोट्या स्पीकरला ५० हर्ट्झ नीट वाजवता येत नाही, म्हणून ऐकू येतात त्याच्या पटी, १०० आणि १५०.

पारख एका मिनिटाची आहे. गुणगुण चालू असताना सेट टॉप बॉक्सच्या मागची डिशची केबल फिरवून काढा. काढण्याआधी बॉक्स बंद करा आणि एका हाताने काम करा, दुसरा हात कपाटाच्या पत्र्याला किंवा खिडकीच्या गजाला लागू देऊ नका. केबल सुटताक्षणी गुणगुण गेली की निदान पक्के. काढताना हाताला झिणझिण्या आल्या तर त्या बहुधा टीव्हीच्या सप्लायमधल्या बारीक गळतीच्या असतात. पण चांगला चटका बसला किंवा ठिणगी दिसली, तर पुढे काही न करता वायरमनला बोलवा.

इथे एक चूक सर्रास होते. केबलमध्ये लावून हा लूप तोडणारा आयसोलेटर बाजारात मिळतो आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या जोडणीला तो उत्तम चालतो. डिशला तो चालत नाही. डिशच्या तोंडावरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी पुरवठा जातो आणि साधा आयसोलेटर डीसी अडवतो, म्हणजे गुणगुणीबरोबर चित्रही जाईल. डिश असेल तेव्हा लूप दुसरीकडे तोडायचा: टीव्ही आणि साउंडबारमधली तांब्याची वायर काढून टाका आणि ऑप्टिकल केबल लावा. ती प्लॅस्टिकची, तिच्यातून फक्त प्रकाश जातो. लूप तिथेच संपतो. ऑप्टिकलची सोय नसेल तर आवाजाच्या वायरमध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला ऑडिओ आयसोलेटर टाका. एचडीएमआय एआरसीने, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच साउंडबारला देणाऱ्या सोयीने, जोडले असेल तर तीही तांब्याचीच केबल आहे हे लक्षात ठेवा. हे सगळे करण्यापूर्वी टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार एकाच सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डाला लावून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच गुणगुण निम्मी होते. आणि काहीही झाले तरी तीन काड्यांच्या पिनेची जाड काडी मोडून ‘उपाय’ करू नका. गुणगुण जाईल आणि उपकरणात बिघाड झाला की धातूचा सांगाडा जिवंत होईल.

अर्थिंगच कच्चे असेल तर मात्र वरचे उपाय अर्धवट ठरतात. आपल्याकडची जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत गुणगुण वाढते आणि जूनमध्ये चार सरी पडल्यावर आपोआप कमी होते असा अनुभव असेल, तर अर्थिंगच्या खड्ड्याकडे बघा. मल्टिमीटरने सॉकेटवर फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ मोजून घ्या, दोन्ही २३० च्या आसपास आणि जवळजवळ सारखे यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. हे मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजतात, ५ ओहमच्या आत आला तर चांगला. इमारतीचा खड्डा पार्किंगमध्ये सिमेंटखाली गडप झालेला असतो. सोसायटीच्या सभेत हा विषय काढलात तर इतरांचेही भले होईल.

साउंडबार काढूनही गुणगुण राहिली, तर ती हवेतून थेट कानावर येते आहे. पंख्याचा रेग्युलेटर फिरवून बघा. गोल फिरणाऱ्या, पायऱ्या नसलेल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक असतो आणि तो प्रत्येक लाटेचा तुकडा कापून पंख्याला देतो. त्यामुळे मधल्या वेगाला पंखा करकरत गुणगुणतो, आणि तोच कापलेपणा वायरींतून साउंडबारमध्येही शिरतो. पूर्ण वेगाला आवाज गेला तर गुन्हेगार हाच. त्याच्या जागी चार-पाच पायऱ्यांचा, कॅपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा. आत साधारण २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर असतात, कापाकापी नाही, म्हणून आवाज नाही. गुणगुण फक्त वीज गेल्यावर येत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. त्यावर पंखा गुणगुणणारच. इलाज म्हणजे साइन वेव्ह इन्व्हर्टर, दुसरा नाही. जुना स्टॅबिलायझर टीव्हीला अजून लावून ठेवला असेल तर तो काढा. आजचे टीव्ही बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागच्या पट्टीवर तसे लिहिलेले असते. स्टॅबिलायझर त्यांना काही देत नाही, फक्त स्वतः गुणगुणतो आणि व्होल्टेज हलले की ‘टक् टक्’ करतो. त्या जागी सर्ज प्रोटेक्टर लावा. मे आणि ऑक्टोबरमधल्या विजांच्या दिवसांत तो उपयोगी पडतो, अट एवढीच की अर्थिंग चांगले हवे. आणि गडगडाट जवळ आला की पिन आणि डिशची केबल दोन्ही काढणे हा कोणत्याही प्रोटेक्टरपेक्षा भरवशाचा उपाय.

हंगामी पाहुणेही असतात. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीभोवती (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीभोवती) आणि मखराला लावलेल्या लुकलुकणाऱ्या माळा, नाताळातली नक्षत्रे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे कंदील, त्यांचे स्वस्त कंट्रोलर वरच्या रेग्युलेटरसारखीच कापाकापी करतात. दिवे लुकलुकण्याच्या तालावर स्पीकरमध्ये ‘र्र, र्र’ येत असेल तर माळेची पिन काढून बघा. माळ साउंडबारच्या बोर्डावरून काढून दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावली तरी फरक पडतो.

स्पीकरमधून ‘टिटिट्-टिटिट्-टिटिट्’ आणि मागोमाग फोन वाजतो, हा प्रकार अजून गेलेला नाही. टूजीचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी प्रक्षेपण करतो आणि जवळचा अॅम्प्लिफायर ते तुकडे आवाज म्हणून वाजवतो. जिओचे टूजी जाळेच नसल्याने त्या फोनवर हा आवाज यायचा नाही. एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलचा फोन घरात रेंज कमी असली की टूजीवर उतरतो आणि मग ऐकू येतो. जाड चिऱ्यांच्या भिंतींच्या घरांत हे जास्त. फोन साउंडबारपासून दोन मीटर लांब ठेवा, विषय संपला.

टीव्ही रिमोटने बंद केल्यावरच बारीक सुर्र येते, चालू असताना नाही, अशी तक्रार असेल तर तो टीव्हीचा किंवा अडॅप्टरचा पॉवर सप्लाय आहे. भार अगदी कमी झाला की हा सप्लाय सलग न चालता थांबून थांबून झटके देतो. त्या झटक्यांचा वेग कानाच्या कक्षेत येतो आणि गुंडाळीच्या तारा, गाभा, कधी सिरॅमिक कॅपॅसिटरसुद्धा त्या तालावर थरथरतात. धोका नाही. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘क्विक स्टार्ट’ बंद करून बघा. सेट टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर मात्र पूर्वी गप्प होता आणि आता कण्हू लागला असेल, तर आतला इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर वाळत किंवा फुगत आला आहे. बॉक्स अधूनमधून स्वतःच रीस्टार्ट होणे ही त्याची दुसरी खूण. अडॅप्टर उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनेचे + आणि − तसेच असलेला नवा आणा.

टीव्ही चालू असताना पडद्यामागून येणारी गुणगुण बॅकलाइटची असू शकते. पडद्याचा उजेड कमी करायला बहुतेक टीव्ही बॅकलाइट सेकंदाला काही शे वेळा चालू-बंद करतात. सेटिंगमध्ये ‘बॅकलाइट’ शंभरावर न्या आणि ऊर्जाबचतीचा पर्याय बंद करा. आवाज गेला किंवा स्वर बदलला तर निदान झाले. नंतर डोळ्यांना सोसेल आणि कानाला टोचणार नाही असा मधला आकडा शोधा, साधारण ७० ते ८० च्या वर पुष्कळदा निभावते. कॅबिनेटची ‘कट्’ मात्र मनावर घेऊ नका. चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आणि बंद केल्यावर तेवढ्याच वेळाने प्लॅस्टिक प्रसरण-आकुंचन पावते, एसीच्या झोतात टीव्ही असला तर जास्तच.

पावसाळ्यात स्पीकरमधून ‘चिर्र’, ‘कच्’ असे तुकडे येतात आणि चित्रात चौकोन पडतात, तेव्हा दोष आवाजाच्या यंत्रणेत नसतो. डिजिटल सिग्नलचे तुकडे हरवतात. मुसळधार पावसात तेवढ्यापुरते झाले तर ते ढगांचे काम, थांबून राहा. ऊन पडल्यावरही चालू राहिले तर गच्चीवरची जोडणी बघा. कळंगुट किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्यालगत खारी हवा जोडण्या खाते. फोंड्यात मीठ कमी, पण पाणी भरपूर, आणि तेवढे पुरते. एलएनबीजवळचा एफ कनेक्टर काढा. आतली मधली तार काळी पडली असेल किंवा जाळीवर हिरवा थर असेल तर केबलमध्ये पाणी शिरले आहे. १५-२० सेंटिमीटर कापा. लखलखीत धातू दिसेपर्यंत आणखी कापत जा. केबल आरजी-६ असू द्या. नवा कनेक्टर लावताना पांढरे प्लॅस्टिक कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट टेकले पाहिजे, मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी आणि जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये. वरून आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळा, साधी इन्सुलेशन टेप पहिल्याच पावसात सुटते. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळेल, भिंतीत जाणार नाही. निसरड्या गच्चीवर पावसात हे काम करू नका.

एका आवाजाला मात्र थांबायचे नाही. स्विचबोर्ड, सॉकेट किंवा मीटरच्या पेटीतून चुरचुर, तळल्यासारखी सुर्र येत असेल, पट्टी कोमट लागत असेल किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर लगेच मेन बंद. सैल जोडणीवर ठिणगी खेळते आहे. दमट हवेने गंजलेले स्क्रू, आत शिरलेल्या मुंग्या, अडकून मेलेली पाल यांपैकी काहीही कारण असते. दिवे आपोआप भगभगून मंद होत असतील तर न्यूट्रल सैल असण्याची शक्यता आहे, आणि त्याने घरातली सगळी उपकरणे एका फटक्यात जाऊ शकतात. मीटरच्या आधीचा किंवा खांबावरचा दोष वीज खात्याचा. १९१२ वर कळवा. खांबावरच्या इन्सुलेटरवर दमट रात्री होणारी तडतडही त्यांच्याच कानावर घालायची, स्वतः काठी घेऊन जायचे नाही.

राहिली मुलीची शिट्टी. तिचे खरे माना. वय वाढते तशी वरच्या पट्टीची श्रवणशक्ती आधी जाते. १५,००० हर्ट्झच्या वरचे आवाज मुलांना स्वच्छ येतात आणि पन्नाशीपुढच्या बहुतेकांना येत नाहीत. घरात किंवा शेजारी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर हिशेब सरळ आहे: ६२५ रेघा गुणिले २५ चित्रे, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. तुमच्याकडे एलईडी आहे, तेव्हा माझा संशय उंदीर-पाली पळवणाऱ्या भिंतीतल्या यंत्रावर जाईल. डब्यावर ‘माणसांना ऐकू येत नाही’ असे लिहिलेले असते, पण स्वस्त यंत्रांचा आवाज खाली घसरून मुलांच्या कक्षेत येतो. स्वयंपाकघरात लावले असेल तर काढा आणि मुलीलाच विचारा. ते नसेल तर चार्जर आणि अडॅप्टर एकेक काढून बघा.

मेन बंद, खिडक्या बंद, फोनवर शेंडी नाही आणि तरीही एकाच माणसाला आवाज येतो, असे झाले तर त्याने बोटांनी कान घट्ट बंद करावेत. बाहेरचा आवाज कमी होतो. कानाच्या आतला आवाज तेवढाच राहतो किंवा वाढतो. तसे असेल तर टीव्ही निर्दोष. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) हा विभाग आहे. एकाच कानात आवाज आणि त्याच कानाने अचानक कमी ऐकू येणे, असे झाले तर मात्र आठवडा घालवू नका. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच गुण देतात.

एवढ्यानंतर दोष टीव्हीतच निघाला तर मागचे झाकण स्वतः उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आत शिरला की मुख्य कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो, मोठ्या सेटमध्ये ३९० पर्यंत जातो, आणि पिन काढल्यावरही तो काही काळ तसाच असू शकतो. मेकॅनिकला बोलावताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगू नका. ध्वनिमुद्रण, वर्णपटाचे छायाचित्र, बॅकलाइट कितीवर ठेवला की आवाज येतो तो आकडा आणि कोणकोणत्या पिना काढून बघितल्या त्याची यादी त्याच्या हातात द्या. मग त्याच्या भेटीत आवाज वाजला नाही तरी चालते. सप्लायच्या गुंडाळीला सिलिकॉन लावून ती घट्ट बसवणे किंवा सप्लायचा बोर्ड बदलणे एवढेच काम असते. आवाजासाठी पॅनेल बदलायला सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.